महाडचा समेट आणि स्त्रियांचा निर्णयाधिकार : ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथाचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

संघर्ष मिटविण्याच्या प्रक्रियेत स्त्रियांचे स्थान कोणते, हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी संमत केलेल्या ठराव क्रमांक १३२५ मुळे जागतिक चर्चेत आला. युद्धाची झळ स्त्रियांना बसते हे सर्वमान्य होते. परंतु तह करण्याच्या बैठकीतही त्या असल्या पाहिजेत, हे तत्त्व या ठरावाने मान्य केले. तत्त्व मान्य झाले तरी व्यवहार फारसा बदलला नाही. १९९२ ते २०१९ या काळातील जगातील प्रमुख शांतता प्रक्रियांमध्ये वाटाघाटी करणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण सरासरी १३ टक्के, मध्यस्थांत ६ टक्के आणि करारावर सह्या करणाऱ्यांत ६ टक्के इतकेच होते.

या चर्चेत उदाहरणे येतात ती बहुधा उत्तर आयर्लंड, लायबेरिया किंवा नागालँडची. महाराष्ट्रातील सामाजिक संघर्षांकडे या दृष्टीने पाहण्याची प्रथा नाही. युद्ध, शस्त्रसंधी आणि तहनामा असेल तरच ‘शांतता वाटाघाटी’ हा शब्द वापरायचा, असा संकेत त्यामागे असावा. तथापि, दोन पक्ष, प्रत्यक्ष हिंसाचार, न्यायालयाचा मनाईहुकूम, शासकीय अधिकाऱ्याची मध्यस्थी आणि माघारीचा सार्वजनिक निर्णय ही सर्व अंगे ज्या संघर्षात आढळतात, तो १९२७ सालचा महाडचा चवदार तळ्याचा संघर्ष होय. या संघर्षातील स्त्रियांविषयी मराठीत सर्वांत गांभीर्याने लिहिले ते ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी. ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या त्यांच्या ग्रंथाच्या आधारे महाडच्या समेटात व त्यानंतरच्या राजकारणात स्त्रियांना निर्णयाचा अधिकार कितपत लाभला, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ग्रंथाचे योगदान

आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा सहभाग हा या ग्रंथाचा विषय. ग्रंथाच्या पूर्वार्धात चळवळीच्या निरनिराळ्या टप्प्यांवरील स्त्रियांच्या कार्याचा इतिहास आहे, तर उत्तरार्धात प्रत्यक्ष सहभागी झालेल्या स्त्रियांच्या मुलाखती व परिचय आहेत. वंदना सोनाळकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००८ साली प्रसिद्ध झाला आणि हा ग्रंथ मराठीबाहेरच्या अभ्यासकांपर्यंत पोचला.

हा ग्रंथ कोणत्या काळात लिहिला गेला, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. १९८० च्या दशकात स्त्रीमुक्ती चळवळीच्या लेखनात दलित स्त्री फारशी नव्हती आणि दलित चळवळीच्या लेखनात स्त्री नव्हती. दलित स्त्रियांच्या स्वतंत्र संघटना पुढे १९९५ च्या सुमारास उभ्या राहिल्या. त्यांच्या आधी सहा वर्षे दोन लेखिकांनी वृद्ध कार्यकर्त्या स्त्रियांकडे जाऊन त्यांच्या आठवणी नोंदविल्या. ही साधने त्या वेळी गोळा झाली नसती, तर पुढील दशकात ती मिळालीच नसती. या अर्थाने हा ग्रंथ म्हणजे इतिहासलेखन तर आहेच, शिवाय इतिहासाच्या साधनांचा बचावही आहे.

मात्र ग्रंथाची मध्यवर्ती संकल्पना ‘सहभाग’ ही आहे. स्त्रिया परिषदेला आल्या, मिरवणुकीत चालल्या, सत्याग्रहात उतरल्या, तुरुंगात गेल्या, हे सिद्ध करणे ही त्या काळाची गरज होती आणि लेखिकांनी ती समर्थपणे पूर्ण केली. परंतु उपस्थिती आणि निर्णय या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या बैठकीत लढा चालू ठेवायचा की थांबवायचा हे ठरते, तेथे कोण बोलते? ‘सहभाग’ या शब्दाच्या व्यापक कवेत हा प्रश्न मिटून जातो. महाडच्या बाबतीत तो वेगळा काढून पाहणे आवश्यक आहे.

महाडचा संघर्ष : वाटाघाटीचे टप्पे

सीताराम केशव बोले यांच्या ठरावानुसार मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस आदींचे श्रम तिच्यामागे होते. २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व प्रतिनिधींनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर अस्पृश्य वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. पुढे १०८ घागरी पाणी उपसून व पंचगव्य घालून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली, तेव्हा संघर्ष न्यायालयात पोचला होता. १२ डिसेंबर रोजी सनातनी पक्षाने महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. २५ डिसेंबर रोजी परिषद सुरू झाली. त्याच दिवशी गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर हूड यांनी परिषदेत येऊन मनाईहुकूम मोडू नये असे सांगितले. सत्याग्रहासाठी हजारो प्रतिनिधी सिद्ध असताना बाबासाहेबांनी अखेर तो स्थगित करण्याचा सल्ला दिला. लढा स्पृश्यांच्या रूढीशी आहे, सरकारशी नाही. मनाईहुकूम मोडल्यास दोन्ही आघाड्यांवर एकाच वेळी लढावे लागेल, हा त्यामागील विचार होता. परिषदेने सल्ला मानला, तळ्याभोवती शांततेने मिरवणूक निघाली आणि संघर्ष न्यायालयाच्या हाती गेला.

या सर्व टप्प्यांवर नोंदलेली नावे पाहिली तर एक गोष्ट ठळकपणे दिसून येते. विधिमंडळाचा ठराव, नगरपालिकेचा ठराव, सनातन्यांचा दावा, कलेक्टरची मध्यस्थी, स्थगितीचा निर्णय या साखळीच्या एकाही दुव्यात निर्णय घेणारी म्हणून स्त्री नाही. दोन्ही परिषदांना स्त्रिया होत्या, याबद्दल शंका नाही. परंतु समेटाच्या बैठकीतील पक्षकार म्हणून त्या नव्हत्या. त्या काळी नगरपालिकेपासून न्यायालयापर्यंत सर्व सार्वजनिक संस्था पुरुषांच्याच होत्या, असे यावर म्हणता येईल. ते खरेच आहे. पण तेवढ्यावर थांबल्यास इतिहास नुसता समर्थनाचा होतो.

२७ डिसेंबरची सभा : दोन वाचने

समेटानंतर, २७ डिसेंबर १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या चांभारवाड्यात स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. ज्या पेहरावावरून व दागिन्यांवरून जात ओळखू येते, तो पेहराव टाकावा, लुगडे पायघोळ नेसावे, गळ्यातील माळांचा व हातांतील कथलाच्या दागिन्यांचा भार उतरवावा, मुलींना शिकवावे, दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला व मुलाला अन्न देऊ नये, असा त्या उपदेशाचा आशय होता. स्त्रियांनी तो तत्काळ अमलात आणला. लक्ष्मीबाई टिपणीस यांनी लुगडे नव्या पद्धतीने नेसण्यास साहाय्य केल्याची नोंद पवार-मून यांनी आवर्जून केली आहे.

या प्रसंगाचे एक वाचन असे होऊ शकते की, राजकीय निर्णय पुरुषांनी घेतला आणि सामाजिक सुधारणेचा भार स्त्रियांच्या अंगावर पडला. पुरुषांचा लढा तळ्याशी, स्त्रियांचा लुगड्याशी. शिवाय नवी नेसण वरच्या जातींच्या नेसणीसारखी असल्याने हे अनुकरणच ठरते. हे वाचन सहज दूर सारण्याजोगे नाही. समाजाची प्रतिष्ठा स्त्रीच्या पेहरावावर जोखण्याची रीत सर्वच सुधारणा चळवळींत दिसते आणि महाड तिला अपवाद नाही.

तथापि, घटनांचा क्रम ध्यानात घेतला तर दुसरे वाचनही संभवते. १४ डिसेंबरच्या मनाईहुकुमाने तळ्याचा काठ बंद केला होता. लुगड्याची नेसण मात्र कोणत्याही न्यायालयाच्या कक्षेत येत नव्हती. कोणत्या जातीच्या स्त्रीने पदर कुठवर घ्यावा, कोणत्या धातूचा दागिना घालावा, हे नियम गावगाड्याने घातले होते आणि ते मोडणे हा तळ्याला स्पर्श करण्याइतकाच उघड अवमान होता. सत्याग्रह स्थगित झाल्यानंतरच्या दिवसांत जातिव्यवस्थेची आज्ञा सर्वांच्या डोळ्यांदेखत मोडली गेली ती स्त्रियांकडून. पुरुषांनी जेथे थांबण्याचे ठरविले, तेथून पुढचा लढा स्त्रिया अंगावर वागवीत आपापल्या गावी परतल्या. सावित्रीच्या खोऱ्यातील वाड्यावस्त्यांवर, पोलादपूरकडच्या डोंगरवाटांवर ही नेसण घेऊन एकटीने फिरणे म्हणजे काय, याची कल्पना महाडच्या मांडवात बसून येत नाही.

पवार-मून यांचा कल या दुसऱ्या वाचनाकडे आहे. परंतु ग्रंथात ही घटना चळवळीने स्त्रियांमध्ये घडविलेल्या जागृतीचे उदाहरण म्हणून येते, संघर्षाच्या पुढच्या टप्प्याचे राजकारण म्हणून येत नाही. त्यामुळे स्त्रिया प्रभावित झाल्या, प्रेरित झाल्या, ही भाषा उरते. त्यांनी काय पत्करले आणि कोणाच्या संमतीने पत्करले, हा प्रश्न मागे पडतो. सहभागाच्या संकल्पनेची मर्यादा येथे स्पष्ट होते.

पाणी कोण भरते?

महाडच्या संघर्षाचा विषय पाणी हा होता. २० मार्चचे प्राशन प्रतीकात्मक होते आणि प्रतीक म्हणून त्याचे मोल अपार आहे. परंतु रोजचे पाणी ओंजळीने पिऊन भागत नाही; ते हंड्याने आणावे लागते आणि ते काम स्त्रीचे मानले गेले आहे. महाड-पोलादपूरच्या प्रदेशात पावसाळ्यात पाऊस कोसळतो आणि चैत्र-वैशाखात डोंगरउतारावरच्या विहिरी तळ गाठतात. पाणवठा बंद असणे याचा अर्थ पुरुषासाठी अपमान असेल, तर स्त्रीसाठी तो अपमान आणि रोजची पायपीट असे दोन्ही होते. ज्या श्रमाविषयी समेट होत होता, तो श्रम करणारी व्यक्तीच समेटात पक्षकार नव्हती.

याला कोकणातील कुटुंबरचनेची जोड आहे. येथील कर्ता पुरुष गिरणीत, गोदीत वा पलटणीत चाकरीला आणि घर-शेत सांभाळणारी स्त्री गावात, ही विभागणी जुनी आहे. मेलेली जनावरे ओढणे व मृतमांस खाणे सोडण्याचा निर्धार परिषदेत झाला, तेव्हा तो निभावण्याची जबाबदारी चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रीवर आली. बहिष्कार पडला तर दुकानदाराचे, खोताचे, शेजाऱ्याचे तोंड तिलाच पाहावे लागणार होते. परिषदेतला समेट एकदाच होतो. गावातला समेट दररोज करावा लागतो. हा दैनंदिन समेट हीच या प्रदेशातील स्त्रियांची खरी वाटाघाट होती आणि तिची इतिवृत्ते कोठेही लिहिली गेली नाहीत.

या दृष्टीने पाहता चवदार तळ्याच्या इतिहासाची रूढ समाप्तीही अपुरी वाटते. मनाईहुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या प्रकरणात सनातनी पक्षाचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादिकालापासून चालत आल्याचे सिद्ध होत नाही, असा त्याचा आधार होता. बहुतेक वृत्तान्त येथे थांबतात. हक्क सिद्ध झाला की कथा संपते. स्त्रीच्या दृष्टीने मात्र कथा येथे सुरू होते. कारण निकालानंतर घागर घेऊन काठावर जाण्याचे काम कायद्याचे नसून तिचे होते. पवार-मून यांच्याकडे मुलाखतींची पद्धती होती. निकालानंतरच्या पाणवठ्यांविषयीची प्रश्नावली त्या पद्धतीला जोडली गेली असती, तर ग्रंथाला वेगळेच परिमाण लाभले असते.

समेटानंतरचे राजकारण

महाडनंतर पाच वर्षांनी झालेला पुणे करार हा दलित राजकारणातील सर्वांत मोठा समेट. २४ सप्टेंबर १९३२ च्या या करारावर दुसऱ्या दिवशी मुंबईत आणखी सह्या झाल्या. त्यांत हंसा मेहता आणि अवंतिकाबाई गोखले ही नावे आहेत. म्हणजे १९३२ साली करारावर स्त्रीची सही असणे अशक्य राहिले नव्हते. पण ज्या समाजाच्या प्रतिनिधित्वाचा निवाडा होत होता, त्या समाजातील एकाही स्त्रीची सही त्यावर नाही. ‘स्त्रियांचे प्रमाण’ मोजणाऱ्या आकडेवारीला ही उणीव दिसणार नाही. स्त्री उपस्थित होती एवढे म्हणणे पुरेसे नसून कोणती स्त्री, हेही विचारावे लागते. १९८९ च्या ग्रंथाने मराठी वाचकाला दिलेली सर्वांत महत्त्वाची दृष्टी हीच आहे.

पुढचा टप्पा २० जुलै १९४२ च्या नागपूर येथील अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेचा. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वास विरोध, कामगार स्त्रियांना रजा यांबरोबरच विधिमंडळांत व स्थानिक संस्थांत दलित स्त्रियांसाठी राखीव जागांची मागणी या परिषदेने ठरावाद्वारे केली. महाडच्या सभेत स्त्रिया श्रोत्या होत्या. नागपूरला त्या ठराव मांडणाऱ्या झाल्या. पंधरा वर्षांतील हे अंतर ग्रंथाने साधार दाखविले आहे. नाशिकच्या शांताबाई दाणी यांच्यासारख्या कार्यकर्त्या पुढे विधान परिषदेपर्यंत पोचल्या. परंतु हा प्रवास अपवादांचा राहिला. संविधान सभेतील १५ स्त्री सदस्यांत दलित स्त्री एकच होती, दाक्षायणी वेलायुधन.

मागणी मान्य होण्यास किती काळ लागतो, हे नागालँडच्या उदाहरणाने समजते. नागा मदर्स असोसिएशन ही १९८४ साली स्थापन झालेली संघटना सशस्त्र गट व शासन यांच्यात मध्यस्थी करीत आली. तिच्या शब्दाला मान होता. पण नगरपालिकांत स्त्रियांना ३३ टक्के जागा देण्याचा प्रश्न आला, तेव्हा २०१७ मध्ये तीव्र विरोध झाला आणि हिंसाचारात बळी गेले. आरक्षणासह निवडणूक झाली ती २६ जून २०२४ रोजी. शांतता घडविणारी आई समाजाला चालते, नगरसेविका चालत नाही, असा याचा अर्थ. महाडच्या स्त्रीलाही त्यागासाठी गौरव मिळाला. अधिकारासाठी वाट पाहावी लागली.

१९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने आणि महाराष्ट्रात २०११ साली झालेल्या ५० टक्के आरक्षणाने स्थानिक संस्थांतील चित्र बदलले. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेणे बंधनकारक झाले. गावच्या पाणीपुरवठा समितीत स्त्रियांना निम्मे स्थान मिळाले. चवदार तळ्याच्या समेटात जी पक्षकार नव्हती, ती आज पाण्याच्या समितीत कायद्याने बसते, ही मोठी गोष्ट आहे. पण कोकणातील गावांच्या कार्यक्रमपत्रिकांवर ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई मंडळ आणि महिला मंडळ’ ही तीन नावे ज्या क्रमाने छापली जातात, तो क्रमही बोलका आहे. गावकीचा निर्णय बहुधा पहिल्या दोन मंडळांत होतो. तिसऱ्याकडे व्यवस्था येते. आसन मिळणे आणि अध्यक्षाने मत विचारणे यांतील अंतर अजून पार व्हायचे आहे.

स्मरणाचा दिवस

१९९० च्या दशकात दलित स्त्री संघटनांनी २५ डिसेंबर हा भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळण्याचा आग्रह धरला. या निवडीकडे समीक्षकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले तो दिवस २७ डिसेंबर. ‘स्त्रियांचा’ दिवस शोधायचा तर तो सहज हाताशी होता. स्त्रियांनी मात्र मनुस्मृती दहनाचा दिवस निवडला. ज्या दिवशी त्यांना उपदेश झाला तो नव्हे, तर ज्या दिवशी त्यांच्या दास्याचा ग्रंथाधार सार्वजनिकरीत्या नाकारला गेला, तो दिवस त्यांनी आपला मानला. त्या दिवशी ठराव मांडणारे पुरुष होते, हे त्यांना ठाऊक होते. तरीही समेटाच्या लाभार्थी म्हणून ओळखले जाण्यापेक्षा संघर्षाच्या पक्षकार म्हणून नोंद व्हावी, हा या निवडीमागील अर्थ आहे. १९२७ च्या इतिवृत्तात न मिळालेले स्थान त्यांनी स्मरणाच्या राजकारणातून मिळविले.

निष्कर्ष

‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथाने महाडच्या स्त्रीला विस्मृतीतून बाहेर काढले, हे त्याचे ऋण कायम राहील. शीर्षकातील ‘ही’ हे अव्यय त्या काळातील दाव्याचे नेमके मोजमाप आहे : इतिहास पुरुषांनी घडवला, आम्हीही घडवला. पुढील अभ्यासाला या ‘ही’च्या पलीकडे जावे लागेल. स्त्रिया होत्या का, या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे. समेट कोणाच्या श्रमाविषयी झाला, तो कोणाच्या अनुपस्थितीत झाला आणि निभावला कोणी, हे तीन प्रश्न आता विचारावयास हवेत.

महाडचे उदाहरण असे दाखविते की, वाटाघाटीच्या बैठकीतून वगळलेल्या स्त्रियांवरच समेट टिकविण्याची जबाबदारी पडते. त्या ती पार पाडतात म्हणून त्यांचा गौरव होतो आणि त्या गौरवाआड त्यांच्या वगळण्याचा प्रश्न झाकला जातो. दरवर्षी २० मार्चला चवदार तळ्यावर लोटणाऱ्या जनसमुदायात स्त्रियांची संख्या मोठी असते. त्यांच्या आज्या-पणज्यांनी महाडहून परतल्यावर गावोगाव काय सोसले, काय ठरविले आणि काय नाकारले, याची नोंद कौटुंबिक आठवणींतून अद्यापही करता येण्याजोगी आहे. महाड, पोलादपूर, माणगाव परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, समाजशास्त्र व मराठी विभागांनी ती वाडीवाडीतून गोळा करणे हे पवार-मून यांच्या कार्याचे यथोचित पुढचे पाऊल ठरेल.